तुमच्या मेनला कात्री कोण लावतं, आणि का : लीग, डोटा २ की व्हॅलोरंट?

कर्वेनगरला एकत्र राहणाऱ्या पाच मुलांनी मला विचारलं, "दादा, पाचजणांनी मिळून एकच खेळ धरायचाय. लीग ऑफ लेजंड्स, डोटा २ की व्हॅलोरंट?" तिन्ही पाच विरुद्ध पाच खेळायचे ऑनलाइन खेळ. मुलांची यादी तयार होती: पीसीला काय झेपेल, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती, कॉलेजच्या फेस्टमध्ये कशाची स्पर्धा असते. मी त्यात एक प्रश्न घातला. तुमच्यातले तिघे गणपतीच्या आधी दोन महिने ढोल पथकात असतात. नदीपात्रातला सराव संपवून रात्री परत येतात तेव्हा हातांत माउस धरायचं त्राण नसतं. विसर्जनानंतर पुन्हा लॉगिन कराल तेव्हा जूनपर्यंत शिकलेलं किती कामाला येईल? हे तुमच्या मेहनतीपेक्षा कंपनी तुमचं मेन, म्हणजे तुम्ही नेहमी खेळता ते कॅरेक्टर, कशासाठी बदलते यावर जास्त ठरतं.

लीगपासून सुरू करतो, कारण तिथला हिशेब सगळ्यात स्पष्ट आहे. साधारण दर दोन आठवड्यांनी पॅच, म्हणजे खेळातल्या बदलांचा संच, येतो आणि अमुक चॅम्पियनला (लीगमधल्या कॅरेक्टरला) का हात लावला, हे पॅच नोट्समध्ये सहसा दोन ओळींत लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये लीग आणि व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीने यामागचा नियमच जाहीर केला. खेळाडूंचे चार थर धरले: सर्वसाधारण, वरचे दहा टक्के, अगदी शिखरावरचे आणि व्यावसायिक. चॅम्पियन यांपैकी कुठल्याही एका थरात डोईजड झाला की नर्फ, म्हणजे ताकद कमी. बफ, म्हणजे ताकदवाढ, मात्र चारही थरांत मागे पडला तरच. शिवाय विन रेट, म्हणजे जिंकण्याचं प्रमाण, एकटा मोजत नाहीत. लोक एखाद्याला सामन्याआधी फार बॅन करत (वगळत) असतील तर त्याच्यासाठी मर्यादा आणखी खाली आणतात. समोर नकोसा वाटणारा चॅम्पियन जिंकत नसला तरी खेळाची मजा घालवतोच, हे त्यांनी मान्य केलं आहे. मला ते पटतं.

पण या नियमाचा फटका कुणाला बसतो ते बघा. अझीर हा चॅम्पियन घ्या. व्यावसायिक संघाच्या हातात तो इतका धारदार होतो की त्याला सतत आवरावं लागतं, आणि त्याच आकड्यांनिशी तो आपल्यासारख्यांच्या हातात लंगडा पडतो. एखादी संहिता पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिर दणाणून सोडते, तीच सोसायटीच्या गणपतीत चार तालमींवर उभी करायला गेलात तर पडते. संहितेचा दोष नसतो, पण सोसायटीवाल्यांनी ती निवडू नये. लीग घेतलंत तर मेन ठरवण्याआधी तो स्पर्धांमध्ये किती दिसतो ते पाहा. फार दिसत असेल तर कात्री तुमच्यावरही चालणार, तुमचा काही संबंध नसताना. आणि पथकाच्या दोन महिन्यांत तुमचे साधारण चार पॅच हुकतील. प्रत्येक पॅच लहान असतो, कारणं वाचून तासाभरात अंदाज येतो, पण हातांना ते बसायला आठवडा जातो.

डोटा २ चा स्वभाव अगदी वेगळा. तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये दर दोन आठवड्यांच्या पॅचचा प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला. आता मोठे पॅच अंतराने येतात आणि आले की घराची भिंतच हलवतात: २०१६ च्या ७.०० ने टॅलेंट ट्री (सामन्यात टप्प्याटप्प्याने निवडायची जादा कौशल्यं) आणली, २०२३ च्या ७.३३ ने नकाशाच मोठा केला. कारणं सहसा देत नाहीत, नुसती आकड्यांची यादी. ती वाचून हे का केलं असेल, हे आपणच ताडायचं. मला यातच डोटाची खरी गोडी वाटते. इथे प्रत्येक हिरोला (डोटातल्या कॅरेक्टरला) समान करण्यापेक्षा प्रत्येकावर उतारा ठेवण्याकडे कल आहे. फँटम असॅसिन ही हिरो वार चुकवते? मंकी किंग बार हे शस्त्र विकत घ्या. जादूचा मारा असह्य होतोय? ब्लॅक किंग बार आहे. आणि सगळे हिरो फुकट असल्यामुळे उतारा म्हणून लागणारा हिरो आपल्याकडे नाही, ही वेळ कधी येत नाही. २०१९ मध्ये शांघायला ओजी संघाने आयो या मदतनीस हिरोला मुख्य मारेकरी करून दि इंटरनॅशनल ही डोटाची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. असल्या अजब कल्पनांना इथे जागा राहते. मात्र पथकाच्या काळातच मोठा पॅच आला तर परतल्यावर महिनाभर हरायची तयारी ठेवा.

व्हॅलोरंटबद्दल थोडक्यात. तिथे रायट एजंटच्या (तिथल्या कॅरेक्टरच्या) विन रेटइतकंच त्याच्या कामाकडे बघते. जेट ही एजंट ऑपरेटर (दुरून मारायची बंदूक) घेऊन डोकवायची, गोळी झाडायची आणि डॅश करून, म्हणजे झटक्यात सरकून, निसटायची. २०२२ च्या ४.०८ पॅचपासून डॅश आधी सज्ज करून ठरावीक सेकंदांत वापरावा लागतो, म्हणजे डोकवायच्या आधी विचार करावा लागतो. चेंबर या एजंटचं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच झालं: जागा राखणाऱ्या सेंटिनलने पुढे घुसून लढणाऱ्या ड्युएलिस्टचं काम बळकावलं होतं. दोन्ही बदलांचं कारण नवख्यालाही समजतं. आणि दुकानातल्या बंदुका सगळ्यांना सारख्याच. व्हँडल या बंदुकीची डोक्यात बसलेली एक गोळी कुठल्याही एजंटच्या हातून, कितीही अंतरावरून पुरते. एजंट कापला गेला तरी तुमचा नेम कुणी काढून घेत नाही.

म्हणून त्या पाचजणांना मी व्हॅलोरंट सांगितलं. सर्व्हर मुंबईत आहे हे आहेच, पण मुख्य कारण पथकातले तिघे. दोन महिन्यांनी परत आल्यावर त्यांना नेम घासून घ्यावा लागेल, खेळ नव्याने शिकावा लागणार नाही. पाचहीजण वर्षभर रोज रात्री बसणारे असते तर मी बिनदिक्कत डोटा म्हटलं असतं. लीग मी एकट्याने खेळणाऱ्याला सुचवतो, ज्याला एकाच चॅम्पियनवर जीव लावायचाय आणि तो का बदलला हे दर पंधरा दिवसांनी वाचायला आवडतं.

पाचातला एकजण तरीही डोटावर अडून बसलाय. त्याला मी सध्या बॉट्सबरोबर (संगणकाने चालवलेल्या खेळाडूंबरोबर) आयो खेळून बघ म्हटलंय.