साखरशाळेत स्वयंसेवक म्हणून एक हंगाम: शिकवणं चांगलं, पण तान्ह्यांचं काय?

दसऱ्यानंतर नाव नोंदवलं आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, शनिवार-रविवार ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यावर, त्यांच्या मुक्कामाच्या तळावर, जात राहिले. साखरशाळा म्हणजे या मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरती भरणारी शाळा. आता थेट अनुभवावर येते. संस्थेचं नाव देत नाही. तक्रार त्यांना लेखी दिली आहे, आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत.

अड्डा कराड तालुक्यातला. मजुरांच्या टोळ्या बहुतेक बीडकडच्या. शिरूर कासार, धारूर, वडवणी ही नावं रोज कानावर. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात. गाडी भरायला लागली तर परत यायला रात्र होते. दिवसभर कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, उरतात ती पोरं आणि एखाद-दुसरी म्हातारी.

आधी जे पटलं ते. नोंदणी फी नाही. रोज शिकवणाऱ्या ताई मानधनावर आहेत आणि त्या अव्वल आहेत. मुलाची इयत्ता न बघता त्याला काय वाचता येतं ते बघून गट पाडतात. आपण त्यांच्या हाताखाली काम करायचं. पूर्ण हंगाम येणार असाल तरच या, ही त्यांची अट मला सुरुवातीला जाचक वाटली होती. आता मी तिच्या पूर्ण बाजूनं आहे. या मुलांची शाळा दिवाळीच्या सुमारास तुटते, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा तुटते. मधे दर पंधरवड्याला नवा चेहरा आला तर त्यांनी जीव कुणाला लावायचा? मुलांचे फोटो काढायला बंदी आहे, तीही योग्यच.

आता माझी तक्रार. ती एकच आहे, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते.

वयानं पाचवीतली एक मुलगी रोज कडेवर भाऊ घेऊन यायची. आठ-नऊ महिन्यांचा असेल. हातच्याची वजाबाकी चालली होती. तिनं हातचा घेतला, वर बारीक एक लिहिला, तेवढ्यात त्यानं पेन्सिल ओढली. तिनं डाव्या अंगठ्यानं वहीतली जागा धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडातून पेन्सिल काढली. तो रडायला लागला, की उठून ताडपत्रीच्या दाराशी जाऊन त्याला झुलवायची. परत येईपर्यंत फळ्यावर पुढचं गणित आलेलं असे. तरीही ती येत होती.

डिसेंबरात देणगीदार पाहायला येणार होते. त्याआधी समन्वयकांचा निरोप आला: तान्ही मुलं वर्गात नकोत, गोंधळ होतो. पुढच्या शनिवारी ती आली नाही. तिच्याएवढ्या आणखी काही मुलीही नव्हत्या. मुलगे सगळे हजर. मी तिच्या कोपीवर गेले तर म्हणाली, "म्याडम, ह्याला कुठं ठिवू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि संस्थेकडेही नव्हतं.

मी फोन केले, मेल केले. उत्तर आलं, की पाळणाघर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. त्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना छापील टी-शर्ट आले आणि शेडवर मोठा फ्लेक्स लागला. त्या पैशात एका बाईचं दोन महिन्यांचं मानधन निघालं असतं. मला याचा अजूनही राग आहे. मी तो टी-शर्ट परत दिला.

आईनं बाळ सांभाळावं म्हणणाऱ्यांनी हिशेब समजून घ्यावा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. मजुरी टनावर. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा होतो, आणि खाडा पडला की मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, पैसे कापतो. डोक्यावर उचल, म्हणजे आधी घेतलेली आगाऊ रक्कम, असते ती वेगळीच. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 प्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. पण ऊस तोडणाऱ्या बाया कारखान्याच्या पटावर नसतात, मुकादमाच्या वहीत असतात. म्हणून कायद्यातलं पाळणाघर त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि त्याची जागा दहा वर्षांची पोरगी घेते. हे काही आजच कळलेलं नाही. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मोबाइल क्रेशेस सुरू केलं, त्यात तान्ह्यांची सोय पहिली होती. लहानगं सांभाळणारं कुणी असेल तरच मोठी बहीण शिकायला मोकळी होते.

इथवरच्या अनुभवावर मी पाचपैकी दोन दिले असते. संक्रांतीनंतर मात्र चित्र बदललं. ताईंनीच मार्ग काढला. एका टोळीबरोबर आलेली आजी कोपीतच बसून असायची. तिला विचारलं, ती तयार झाली. शेडशेजारच्या कोपीत जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, एक गोधडी आणि झाकणाची पाण्याची बादली ठेवली. आजीचं मानधन आम्ही स्वयंसेवकांनी वर्गणी काढून दिलं. त्याच आठवड्यात मुली परत आल्या. ती पाचवीतली पोर दोन्ही हात मोकळे करून बसली आणि हंगाम संपेपर्यंत भागाकारापर्यंत पोचली. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

फेब्रुवारीत आजीची टोळी कारखान्याच्या दुसऱ्या भागात ऊस तोडायला हलली आणि झोळ्या काही दिवस रिकाम्या राहिल्या. मग दुसरी बाई मिळाली, तीही वर्गणीवरच. म्हणून माझे गुण साडेतीन. पूर्ण द्यायचे तर हा खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात, शिक्षकांच्या मानधनाच्या शेजारी दिसला पाहिजे.

शिक्षण हमी कार्डाचं काम संस्था चांगलं करते. टोळी हलायच्या आधी प्रत्येक मुलाची हजेरी आणि पातळी लिहून कागद पालकांच्या हातात देतात, गावच्या शाळेलाही कळवतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, पण हा कागद असला की पालक शाळेच्या दारात ठामपणे बोलू शकतो.

यंदा जाणाऱ्यांसाठी थोडं: जुने कपडे नेऊ नका, ढीग पडून राहतो. कोऱ्या वह्या, पेन्सिली आणि खोडरबर न्या. पाणी आपलं आपण न्या, अड्ड्यावरच्या पाण्यात वाटेकरी होऊ नका. नाव नोंदवताना समन्वयकांना आधी विचारा, की तान्ह्या मुलांसाठी बाई ठेवली आहे का आणि तिचा पगार कोण देतं. मी पुढच्या हंगामाच्या अर्जात हाच प्रश्न लिहून दिला आहे. लेखी उत्तर आलं, की इथे कळवते.