फुकट आलेलं घड्याळ मामांना ६१ हजारांना पडलं

माझे मामा सांगलीत विश्रामबागला राहतात. नोकरी सगळी मार्केट यार्डात गेली, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पैशाचा व्यवहार त्यांना कळत नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगते.

गेल्या पावसाळ्यात पोस्टानं त्यांच्या नावावर एक पार्सल आलं. काही मागवलेलं नव्हतं, पाठवणारा ओळखीचा नव्हता आणि पोस्टमनला पैसेही द्यायचे नव्हते. आत सोनेरी पट्ट्याचं मनगटी घड्याळ, एका मोठ्या ऑनलाइन शॉपिंग कंपनीच्या नावाचं पत्र आणि एक स्क्रॅच कार्ड. जुन्या ग्राहकांना वर्धापनदिनाची भेट म्हणे. कार्ड खरवडलं तर चारचाकी, नाहीतर तिच्याऐवजी साडेआठ लाख रोख.

ते पत्र नंतर मी हातात घेऊन पाहिलं. जाड गुळगुळीत कागद, चकचकीत होलोग्राम, खाली सही आणि दोन गोल शिक्के. दोन्ही शिक्के अगदी एकाच कोनात तिरपे आणि एकाच जागी फिकट. म्हणजे शिक्के मारलेलेच नव्हते, कागदाबरोबर छापलेले होते. पण हे शांतपणे बसून बघितलं तर दिसतं. साडेआठ लाखांचा आकडा वाचल्यावर शिक्के कोण बघतं?

मामींनी तेव्हा शंका काढली होती. मामा म्हणाले, "अगं, नुसतं फोनवरचं बोलणं असतं तर मी पण ऐकलं नसतं. घड्याळ दिलंय की त्यांनी!" माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, हे आता घरोघरी माहीत झालंय. पण पोस्टमननं दारात आणून दिलेली, हातात धरता येणारी वस्तू खोटी वाटत नाही. ते घड्याळ घाऊक बाजारात शे-दीडशेला मिळतं. चोरांनी तेवढं भांडवल घातलं आणि मामांचा विश्वास विकत घेतला.

पत्रातल्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलला. मामांनी दिवाळीत मिक्सर मागवला होता, तेही त्याला ठाऊक! नाव, पत्ता, मोबाइल नंबर हे सगळं पार्सलच्या लेबलवर असतं आणि आपण खोकं तसंच भंगारात देतो. आता आमच्या घरी लेबल फाडल्याशिवाय खोकं बाहेर जात नाही.

आधी नोंदणीचे ४,९९९ रुपये. मग जीएसटीचे १८,५००. मग रिझर्व्ह बँकेच्या ना-हरकत दाखल्याचे ३७,८००. प्रत्येक वेळी 'हे पैसे बक्षिसाबरोबर परत मिळणार' हे ठरलेलं. आणि प्रत्येक वेळी खातं वेगळं, कुणा तरी माणसाच्या नावाचं. कंपनीच्या नावाचं एकदाही नाही.

मोठ्या रोख बक्षिसावर ३० टक्के आयकर लागतो हे खरं आहे. पण तो देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्याला देतो. आधी कुणाच्या खात्यात भरायला सांगत नाही. रिझर्व्ह बँक तर सामान्य माणसाकडून असे पैसे मागतच नाही, तिनं हे वेळोवेळी जाहीरही केलंय.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. "गाडी दारात येईपर्यंत कुणाला सांगू नका, नाव फुटलं तर बक्षीस बाद," असं त्यानं बजावलं होतं. त्यामुळं मामांनी ठेव मोडली ती मामींनाही न सांगता. चौथ्यांदा विम्याचे पैसे मागितले तेव्हा ते गप्प गप्प राहायला लागले, जेवण कमी झालं. मामेबहिणीनं पासबुक भरून आणलं तेव्हा उलगडा झाला.

तिनं त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि समोरचं खातं हाताशी ठेवा, तेच आधी विचारतात. पहिल्या दोन रकमा केव्हाच पुढच्या खात्यांत पसार झाल्या होत्या. तिसरीतले काही हजार एका बँकेत गोठवले गेले. ते सोडवायला अर्ज केलाय.

एवढ्यात आणखी एक फोन आला. "सायबर विभागातून बोलतोय, पैसे परत मिळवून देतो, आधी पाच हजार फी भरा." एकदा फसलेल्यांची यादी पुढं विकली जाते, ती अशी. या वेळी फोन मामींनी घेतला होता. त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

मामांनी मला हे लिहायला सांगितलं, कारण त्यांच्या कॉलनीत आणखी दोघांकडं तसंच पाकीट आलंय. एकानं कार्ड न खरवडता ते पोलिसांकडं नेऊन दिलं. दुसऱ्या आजी फोन करणारच होत्या, मामा स्वतः जाऊन सांगून आले. तिन्ही पाकिटांवर पाठवणाऱ्याचा पत्ता वेगवेगळा आहे, आतला फोन नंबर मात्र एकच.