आग्रेत्ती: बाल्कनीतल्या दोन हंगामांनंतर

इटलीत, बोलोन्यातल्या भाजीबाजारात मार्च उजाडला की आग्रेत्ती या पालेभाजीच्या जुड्या दिसू लागतात. हिरव्यागार गवतासारखी बारीक पानं आणि खाली लालसर मुळं. दुसरं नाव बार्बा दी फ्राते, म्हणजे साधूची दाढी. हंगाम जेमतेम मेपर्यंत आणि जुडी स्वस्त नसते, म्हणून घरीच लावायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं पाकीट आख्खं पेरलं. एकही कोंब नाही. मी मातीला, थंडीला, स्वतःला दोष देत बसले. खालच्या मजल्यावरच्या आजी मार्के प्रांतातल्या, त्या याला 'रोस्कानी' म्हणतात. त्यांनी पाकीट पाहिलं आणि हसल्याच. याचं बी काही महिन्यांतच मरतं, जुनं बी पेरणं म्हणजे वाळू पेरणं. त्यांनी आपल्या झाडाचं, मागच्या शरद ऋतूत धरलेलं बी दिलं. फेब्रुवारीत लांबट कुंडीत पेरलं, त्यातलं निम्मं तरी उगवलं. मूळची ही खाऱ्या जमिनीतली वनस्पती, पण मीठ घालावं लागत नाही. ऊन आणि नियमित पाणी पुरतं. वीतभर वाढली की वरून कापायची, पुन्हा फुटते.

चव? किंचित आंबट, किंचित खारट, दाताखाली कुरकुरीत. वसईकडे मिठागरांजवळची मोरस खाल्ली असेल तर ओळख पटेल. दोघी एकाच कुळातल्या. (शास्त्रीय नाव साल्सोला सोडा. पूर्वी अशा झुडपांच्या राखेतून काच आणि साबणासाठी सोडा काढत.)

स्वयंपाकात मी आधी घोळ घातला. पीठ पेरून केली तर लगदा झाला, शेंगदाण्याच्या कुटात आंबटपणाच बुडाला. आता फक्त 3-4 मिनिटं उकळत्या पाण्यात, मग ऑलिव्ह तेल आणि लिंबू. किंवा वरून लसूण-सुक्या मिरचीची फोडणी, झाकण न ठेवता. अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे) घालून स्पॅगेटी केलीत तर मीठ हात आखडून घाला. पहिल्या वेळी आम्ही पाणी पीत बसलो होतो.

निवडायला मात्र वेळ जातो. मुळं छाटा, तीनदा धुवा, तरी रेती दाताखाली येतेच. आणि मोठी जुडी शिजून मूठभर होते, चार माणसांना दोन जुड्या हव्यात. माझ्या एका कुंडीत वर्षभरात पाच-सहा जेवणं निघाली. पैशांचा हिशेब केला तर बाजारातून आणणंच परवडतं.

तरीही यंदा दोन झाडं न कापता ठेवली आहेत. आजींचं बी त्यांना परत द्यायचंय.