फसवणुकीच्या कायद्याचा अभ्यासवर्ग : शिकवणे उत्तम, टिपणे जुनी

फसवणूक आणि अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यांवर सदाशिव पेठेतील एका संस्थेने सामान्य नागरिकांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गाला नुकताच गेलो होतो. व्याख्यात्या स्वतः फौजदारी वकिली करणाऱ्या असल्याने कलमांची जंत्री टळली आणि बराचसा वेळ आरोपीच्या हेतूवर गेला, हे मला योग्य वाटले. घेतलेले पैसे परत न करणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. वचन देतानाच ते न पाळण्याचा इरादा होता असे दिसावे लागते, एरवी वाद दिवाणी न्यायालयाचा ठरतो. फ्लॅटचा ताबा रखडताच पोलीस चौकी गाठण्याची भाषा करणाऱ्यांना हे ऐकणे जड गेले असावे.

भिशीचे उदाहरण विशेष उपयोगी ठरले. सभासदांनी विश्वासाने सोपवलेली रक्कम चालकाने पुढे अप्रामाणिकपणे स्वतःच्या धंद्यात वळवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील फौजदारी विश्वासघात होतो. मुळातच थाप मारून पैसे काढले असतील, तर कलम ३१८ खालील फसवणूक. एकाच वस्तुस्थितीवर हे दोन्ही गुन्हे एकत्र टिकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सर्वाधिक रंगली ती डॉ. विमला यांच्यावरील खटल्याच्या १९६२ च्या निकालाची चर्चा. त्यांनी स्वतःच्या पैशाने मोटार अल्पवयीन मुलीच्या नावे घेतली आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्याच नावाने सह्या केल्या. सही खोटी होती, पण त्यातून ना त्यांना लाभ झाला ना विमा कंपनीला तोटा, म्हणून कपटाचा हेतू सिद्ध न होता त्या निर्दोष सुटल्या. निव्वळ खोटेपणा आणि कायद्याला अभिप्रेत असलेले कपट यांतले अंतर इतक्या नेमकेपणाने मी पूर्वी ऐकले नव्हते.

टिपणांनी मात्र निराशा केली. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; त्यापूर्वीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू असल्याने तिच्यातली विश्वासघाताचे ४०६ आणि फसवणुकीचे ४२० ही कलमे माहीत हवीतच. पण शुल्क घेऊन दिलेल्या पुस्तिकेत केवळ तीच असावीत, आणि विश्वासघाताची कमाल शिक्षा तीनवरून पाच वर्षांवर गेल्याचा उल्लेखही नसावा, हा निष्काळजीपणा आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला, मालमत्ता जप्तीची तरतूद असलेला कायदा तर ओझरता उल्लेखून सोडून दिला; श्रोत्यांचे निम्मे प्रश्न नेमके बुडालेल्या ठेवींविषयी होते. पुढच्या वर्गाला जाणाऱ्यांनी नव्या संहितेची प्रत सोबत न्यावी.