बोरू पास, शाई नापास

नाशिकच्या मेन रोडवर मिळालेल्या या सुलेखनपेटीत ३, ५ आणि ८ मिलिमीटर रुंद टोकाचे तीन बोरू (टोक कापून केलेल्या लेखण्या), काळ्या शाईची बाटली, काचेची बुटकी दौत आणि एक ‘चिंतन-वही’ आहे. झाकणावर ‘रोज संध्याकाळी अर्धा तास स्वतःसाठी’ असं छापलंय. तो अर्धा तास खरंच निवांत जातो, पण त्याचं श्रेय बोरूचं.

तिन्ही टोकं देवनागरीला लागतात तशी तिरपी कापलेली आहेत आणि मधली चीर सरळ आहे. बऱ्याच संचांत रोमन लिपीसाठीची सरळ कापाची निब देतात. तिनं मराठी लिहायचं तर मनगट मुरडत बसावं लागतं, आणि विसावा राहिला बाजूला, अंगठा तेवढा दुखतो. सुरुवात ५ मिलिमीटरनं करावी. ३ मध्ये वळण कुठे चुकलं ते नीट दिसत नाही. ८ चा बोरू दर दोन-तीन अक्षरांना दौतीकडे पळतो.

नवा बोरू थेट शाईत घालू नका. टोक दहा मिनिटं पाण्यात भिजवून पुसून घ्या. कोरडा बोरू शाई धरत नाही आणि उभी दांडी मधेच तुटते. रात्रभर पाण्यात उभा ठेवला तर मात्र टोक फुगून चीर फाकते, मग धारदार सुरीनं पुन्हा कापण्यावाचून इलाज नाही.

शाईवर घोडं अडलं. पेटीत वॉटरप्रूफ शाई दिली आहे. ती चिरेत वाळली की साध्या पाण्यानं निघत नाही, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघड्या दौतीत भराभर घट्ट होते. त्याऐवजी काळा पोस्टर कलर पाणी घालून ताकाइतका पातळ करा. दौतीत सुती चिंधी ठेवून तिच्यावर बोरू टेकवला की तो बेताचीच शाई घेतो, पहिल्याच अक्षराचं डबकं होत नाही.

वहीचा कागद पातळ. शाई फुटते, मागे उमटते, पावसाळी दमट हवेत तर विचारूच नका. शिवाय प्रत्येक पानावर ‘आज तुम्ही कशासाठी कृतज्ञ आहात?’ हा प्रश्न. असं मराठी घरात कुणी बोलतं का? चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद घ्या. लग्नपत्रिकांची कोरी पाठही चालते, फक्त गुळगुळीत चकचकीत नको. त्यावर शाई बसत नाही, ओघळते.

टोकाच्या पाचपट उंची धरून, म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोरूला २५ मिलिमीटरवर, पेन्सिलीनं ओळी आखा. पहिली दहा मिनिटं फक्त उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि अर्धगोल. मग शब्द, आणि त्यासाठी आपल्या गावासारखी बाराखडी नाही. ‘पंचवटी’त दांड्या भरपूर, ‘रामकुंड’मध्ये ‘क’चं पोट आणि उकार, ‘सोमेश्वर’मध्ये पहिलं जोडाक्षर. ‘त्र्यंबकेश्वर’ महिनाभर तरी लांबच ठेवा. ‘त्र्यं’ भल्याभल्यांना घाम फोडतो. बोरू ढकलायचा नसतो, ओढायचा. ढकलला की कागदाचे तंतू चिरेत अडकून शिंतोडे उडतात.

शेवटी दिवसाबद्दल एकच ओळ लिहा. बोरूनं चार-पाच शब्दांना दोन-तीन मिनिटं सहज जातात, त्यामुळे तक्रारींचा पाढा आपोआप आटोपतो. इथे वहीतल्या प्रश्नाची गरजच पडत नाही.

अख्खी पेटी भेट द्यायला ठीक. स्वतःसाठी सुटा ५ मिलिमीटरचा बोरू, पोस्टर कलरची बाटली आणि कार्ट्रिज कागद एवढंच घ्या. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी टोकावर पडते. आणि उठायच्या आधी बोरू धुऊन, पुसून आडवा ठेवा.