हार्ट रेटचा छातीपट्टा: साठीला टेकलेल्या धावणारीचा अनुभव आणि टिचबटणांची तक्रार

पावसाळा संपता संपता माझा, धावताना हृदयाचे ठोके मोजणारा छातीपट्टा बंद पडला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, ‘ओलाव्यामुळे झालेली हानी वॉरंटीत बसत नाही.’ जी वस्तू घामाने ओली झाल्याशिवाय ठोकेच पकडत नाही, ती ओलाव्याचं कारण सांगून नाकारायची, हे मला अजिबात मान्य नाही. तक्रार अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही. ब्लूटूथ, रेंज, बॅटरी किती तास वगैरे खोक्यावर असतं, ते इथे लिहीत बसत नाही.

मी ५९ वर्षांची, साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याचा रस्ता, यवतेश्वरचा घाट आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर, एवढं माझं जग. पट्टा घेतला तो घड्याळावर वैतागून. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके ताडतं. किल्ल्यावरून मी मैत्रिणीशी गप्पा मारत उतरायचे आणि घड्याळ दाखवायचं १६८. माझी पावलंही मिनिटाला साधारण तितकीच पडतात. हातापायांच्या हिसक्यांनाच ते ठोके समजत होतं. पट्टा हृदयाचे विजेचे संकेत थेट छातीवरून घेतो, त्यामुळे ही भानगड नाही. त्याच उतारावर पट्ट्याने ११५च्या आसपास दाखवलं, तेव्हा पैसे वसूल झाले असं वाटलं.

पण खरा फायदा वेगळाच झाला. घड्याळ कमाल ठोके (म्हणजे हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं) काढतं ते २२० वजा वय करून, म्हणजे माझे १६१. हे सूत्र १९७०च्या सुमाराचं आहे आणि माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. २००१ साली आलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, आमच्या वयाला जास्त जवळचं. त्याने माझे १६७ येतात. पट्टा बांधून यवतेश्वरच्या चढावर नीट वॉर्मअप करून तीन-तीन मिनिटं जीव तोडून धावले, तेव्हा १७४ लागले. (त्याआधी डॉक्टरांकडे टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी, करून घेतली होती. पन्नाशीनंतर ती केल्याशिवाय असले प्रयोग कोणी करू नयेत. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर ही ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर ठोके मुळात दबलेले असतात, त्यांना ही गणितं लागूच पडत नाहीत.)

आरामाच्या धावण्याला ७० टक्क्यांची मर्यादा धरली, तर १६१च्या हिशेबाने ११३ आणि १७४च्या हिशेबाने १२२. नऊ ठोके किरकोळ वाटतात. पण ११३ पाळायचे तर साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या चढावर मला चालावं लागायचं. १२२ मध्ये मी हळू का होईना, धावत वर जाते. शिवाय घड्याळ सारखं ‘तीन दिवस विश्रांती घ्या’ सांगायचं, तेही बंद झालं. आता आठवड्यात एकच दिवस जोराचा चढ, बाकी सगळं हळू. पूर्वी घाट केला की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, आता लागत नाही.

इथपर्यंत मी पट्ट्याची भक्तच झाले होते. एप्रिल-मेमध्ये मत थोडं बदललं. तोच रस्ता, तोच वेग, पण अर्ध्या तासानंतर ठोके दहा-बाराने वर. उन्हात घाम जाऊन रक्ताचं प्रमाण घटतं, त्वचेला जास्त रक्त पुरवावं लागतं, म्हणून हृदय जास्त वेळा ठोके देतं. आकडा पाळायला गेले तर धावणंच होईना. उन्हाळ्यात मी आता पूर्ण वाक्य बोलता येतंय का एवढंच बघते. आणि गुडघ्याचं, पोटऱ्यांचं पट्ट्याला काही कळत नाही. आमच्या वयात दम टिकतो पण स्नायू झडतात. आठवड्यातून दोनदा वजन घेऊन उठाबशा, पायरीवर टाचा उचलणं, याला पर्याय नाही आणि तिथे ठोके बघण्यात अर्थ नाही. कॅनडाच्या एड व्हिटलॉकने २००३ मध्ये ७२व्या वर्षी २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत मॅरेथॉन केली. त्याचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास सावकाश पळणं. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

आता टिचबटणं. सेन्सरची डबी पट्ट्यावर दोन टिचबटणांनी बसते. घामातलं मीठ तिथेच साचतं. कडेला आधी पांढरा थर, मग हिरवट, मग बटण टिच्च वाजून बसत नाही, नुसतं टेकतं. ओल्या पट्ट्यावर डबी तशीच ठेवली तर तिला वाटतं पट्टा अजून अंगावरच आहे. ती चालू राहते आणि सीआर २०३२ची बॅटरी महिन्याभरात संपते. मी घरी आल्या आल्या डबी काढते, पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवते. तरीही हिरवं चढलंच. म्हणजे दोष धातूत आहे. एवढ्या किमतीच्या वस्तूला न गंजणारं बटण लावता येत नाही? बायकांसाठी आणखी एक: स्पोर्ट्‌स ब्राचा पट्टा नेमका त्याच जागी येतो, बटणावर दाब पडतो आणि लांबच्या धावण्यात खाली कातडी सोलवटते. हा पट्टा करताना कोणा बाईला विचारलेलं दिसत नाही.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा फोनवर म्हणाला, “मॅडम, तुमच्या वयाला मनगटाचं घड्याळ पुरेसं आहे.” मी त्याला सांगितलं, “बाळा, माझ्या वयाला चुकीचा आकडा जास्त महागात पडतो.” नवा अख्खा संच साडेपाच हजारांचा, तोच घ्या म्हणून आग्रह. सुटा पट्टा मिळत नाही म्हणाला.

मिळतो. दुसऱ्या कंपनीचा, सातशे रुपयांना. बटणांमधलं अंतर बहुतेक कंपन्यांचं सारखंच असतं. माझी जुनी डबी त्यावर घट्ट बसली आणि पहिल्याच सकाळी ठोके बरोबर आले. डबी ठणठणीत होती, मेला होता तो फक्त पट्टा. हे मला कंपनीने सांगायला हवं होतं. थंडीत कोरड्या हवेत सुरुवातीची पाच मिनिटं आकडा २००च्या वर उडतो, पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली केली की थांबतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर कंपनीने पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. ते मी घेतलेलं नाही. पट्ट्याचे पैसे परत हवेत, आणि सुटा पट्टा विकायला ठेवा, असं लेखी कळवलं आहे.