मूल नव्हे, आईबाप शिकतात अशी ऑटिझम थेरपी: पॅक्टचा आमचा अनुभव

मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यापासून बऱ्याच थेरप्या पाहून झाल्या. बहुतेक ठिकाणी रीत एकच. पोराला आत न्यायचं, दार लावायचं आणि आईबापांनी बाहेर खुर्चीवर मोबाइल चाळत बसायचं. पॅक्ट, म्हणजे प्री-स्कूल ऑटिझम कम्युनिकेशन थेरपी, याच्या अगदी उलट आहे. मुलाशी खेळायचं आपण, त्याचं शूटिंग होतं आणि मग थेरपिस्टबरोबर बसून ते पाहायचं. तालीम पालकांची.

माझा धंदा व्हिडिओ एडिटिंगचा, त्यामुळे सुरुवातीला शंकाच आली. चांगले तुकडे तेवढे दाखवून गिऱ्हाईक खूश करायचं, हे आम्हीही करतो. इथेही चांगलेच तुकडे निवडतात, पण त्यांचा उपयोग वेगळा. एका क्लिपमध्ये आमचा पोरगा गाडी उलटी धरून चाक फिरवतोय. बायको समोर जमिनीवर बसलीय, गप्प. चाक थांबतं. तो ते परत फिरवत नाही, गाडी वीतभर तिच्याकडे सरकवतो. नजर चाकावरच. बायको म्हणते, "थांबलं," आणि बोटानं चाक फिरवते. तो "अं" करतो. खेळ चालू असताना यातलं काहीच आमच्या लक्षात आलं नव्हतं. थेरपिस्टनं तेवढाच तुकडा मागे घेतला आणि विचारलं, "ताई, गाडी कोणी कोणाकडे सरकवली?" पुढचं सगळं तिनं आमच्याच तोंडून काढून घेतलं. पैसे वसूल होतात ते इथे. "हे करा, ते करू नका" अशी यादी कुणीही हातात देईल.

ही पद्धत उभी करणाऱ्यांत मँचेस्टरचे बालमनोविकारतज्ज्ञ जोनाथन ग्रीन हे मुख्य नाव. मला हा माणूस आवडतो तो त्याच्या सरळपणामुळे. 2010 मध्ये 152 लहान मुलांवरची त्यांची चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पालकांच्या प्रतिसादात मोठा फरक पडला होता, पण ऑटिझमच्या लक्षणांत ठोस फरक दिसला नव्हता, आणि त्यांनी तो तसाच छापला. थेरपी संपून साधारण सहा वर्षं झाल्यावर त्यातली 121 मुलं पुन्हा तपासली, ते निकाल 2016 मध्ये आले. तीव्र लक्षणं असलेली मुलं पॅक्टच्या गटात 46 टक्के निघाली, पॅक्टशिवाय नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात 63. चिंता किंवा त्रासदायक वागणं यांत मात्र तेव्हाही फरक नव्हता. तेव्हा "मूल बरं करून देतो" असं म्हणत कुणी पॅक्टचं नाव घेत असेल तर तिथून उठा.

याच कामाचा एक अवतार गोवा आणि रावळपिंडीत 65 मुलांवर तपासला गेला. तिथे तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून जास्त पुढाकार घेऊ लागली. म्हणजे थेरपिस्टच्या नावापुढच्या पदव्या मोजत बसण्यापेक्षा तिनं या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारलेलं बरं.

आता तक्रारी. घरी रोज अर्धा तास असं खेळायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं. दोघं नोकरी करणारे आणि घरात आणखी एक मूल असेल तर तो अर्धा तास कुणाच्या तरी वाट्यातून कापावा लागतो, आणि आमच्या घरी तो मोठीच्या वाट्यातून जातो. यावर केंद्रात कुणी चकार शब्द काढला नाही. झोप, शी-शू, बाहेर गेल्यावरचा आरडाओरडा असं काही विचारलं की "तो या थेरपीचा भाग नाही" एवढंच उत्तर. बरोबर असेलही, पण रात्री दोनला पोरगं जागं असतं तेव्हा ते उत्तर कामाचं नाही. अशा प्रश्नांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-प्रशिक्षण कार्यक्रम मला जास्त व्यवहारी वाटतो. त्यात नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी असतात. रोजची कामं, अवघड वागणं यांच्याबरोबर पालकांच्या स्वतःच्या ताणाकडेही बघतात. जमलं तर दोन्ही करा.

माझ्याकडून पाचापैकी चार. एक गुण कापला तो केंद्रानं दिलेल्या रिपोर्टसाठी. तो असल्या भाषेत होता की आजीला समजावून सांगताना माझाच घाम निघाला.

फी भरण्याआधी एवढं विचारा: दर वेळी शूटिंग होणार का, आणि ते आमच्याबरोबर बसून बघणार का? "आम्ही बघून कळवू" असं उत्तर आलं तर ते पॅक्ट नव्हे. फाइल कुणाकडे राहणार, कधी पुसणार, हेही लेखी घ्या. आम्हाला ते मागून घ्यावं लागलं, मिळालं मात्र त्याच दिवशी.